विश्लेषण : इटलीची गाडी लाल, मग आकुर्डीची कोणत्या रंगाची?

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली विजेवरची ‘चेतक’ जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या रंगांच्या यादीत एक नाव होते ‘वेल्लुतो रोसो’. इटालियन भाषेत त्याचा अर्थ लाल मखमल. स्कूटर पुणे जिल्ह्यातली, नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे आणि रंगाचे नाव मात्र इटलीचे. यात चूक काहीच नाही. उलट, पिंपरी-चिंचवडचे इटलीशी असलेले साठ वर्षांहून जुने नातेच त्यातून बोलते. पण त्याच वेळी एक प्रश्नही उभा राहतो. इटलीने आपल्या गाड्यांच्या रंगांना नाव, इतिहास आणि किंमत मिळवून दिली. देशातल्या वाहनउद्योगाची एक मोठी राजधानी असलेल्या या पट्ट्याने आपल्या रंगांचे काय केले?

इटलीच्या गाड्या लालच का?

कारण एका शर्यतीच्या नियमात सापडते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १९०० मध्ये, गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यती सुरू झाल्या. त्या कंपन्यांच्या नव्हे, देशांच्या शर्यती होत्या. धुळीच्या रस्त्यावरून येणारी गाडी कोणत्या देशाची, हे प्रेक्षकांना लांबून कळावे यासाठी प्रत्येक देशाला एक रंग देण्याची कल्पना पुढे आली. ती काउंट इलियट झ्बोरोव्स्की यांची मानली जाते. फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, बेल्जियमला पिवळा. आणि लाल? तो तेव्हा अमेरिकेच्या वाट्याला आला होता, इटलीच्या नव्हे.

इटलीकडे लाल रंग आला तो पुढे काही वर्षांनी. त्याबद्दल सांगितली जाणारी लोकप्रिय गोष्ट १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीची आहे. प्रिन्स शिपिओने बोर्गेझे यांनी ‘इताला’ गाडी घेऊन ती जिंकली आणि त्या विजयाच्या सन्मानार्थ इटलीने लाल रंग स्वीकारला, असे म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकांमध्ये यावर एकमत नाही. मात्र त्याच वर्षी फेलिचे नाझारो या चालकाने फियाट चालवत तार्गा फ्लोरिओ, जर्मनीतील कैसरप्राइस आणि फ्रान्सची ग्रां प्री अशा तीन मोठ्या शर्यती जिंकल्या, ही नोंद पक्की आहे. त्यानंतर अल्फा रोमिओ, मासेराती, फेरारी अशा एकेका नावाने हा रंग पुढे नेला. ‘रोसो कोर्सा’ म्हणजे शर्यतीचा लाल, हे नाव असे रूढ झाले.

ब्रिटनचा हिरवाही असाच योगायोगाचा. १९०३ मध्ये इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतीला कायद्याने परवानगी नव्हती, म्हणून ती आयर्लंडमध्ये भरवली गेली. यजमानांच्या मानासाठी ब्रिटिश गाड्यांनी हिरवा रंग घेतला आणि तो कायमचा चिकटला. थोडक्यात, ज्या रंगांना आज ‘राष्ट्राचा आत्मा’ वगैरे म्हटले जाते, ते मुळात गर्दीत आपली गाडी ओळखू यावी म्हणून लावलेले होते. रिक्षाला काळा-पिवळा रंग का, याचे जे उत्तर, जवळपास तेच फेरारीच्या लालचेही.

रंग इतका महत्त्वाचा की त्यासाठी वेश बदलावा लागे?

हो, आणि त्याचे दोन नमुने मासलेवाईक आहेत. १९२४ मध्ये मर्सिडीजने सिसिलीतील तार्गा फ्लोरिओसाठी आपल्या गाड्या जर्मनीच्या पांढऱ्याऐवजी चक्क लाल रंगवल्या. परदेशी गाडी दिसली की स्थानिक प्रेक्षक दगड भिरकावत, वाट अडवत. लांबून येणारी लाल गाडी आपलीच असेल, असे समजून त्यांनी ती जाऊ द्यावी, हा त्यामागचा हिशेब होता. तो बरोबर ठरला. क्रिस्तियान वेर्नर यांनी ती शर्यत जिंकली. आज चाकणमध्ये जिचा कारखाना आहे त्याच कंपनीच्या इतिहासातले हे पान आहे.

दुसरा नमुना उलट दिशेचा. १९६४ मध्ये एन्झो फेरारी यांचे इटलीच्याच मोटारक्रीडा संघटनेशी एका गाडीच्या मान्यतेवरून बिनसले. रागाच्या भरात त्यांनी हंगामातल्या शेवटच्या दोन शर्यतींत गाड्या इटलीच्या लाल रंगात उतरवल्याच नाहीत. अमेरिकी संघाच्या नावाखाली त्या निळ्या-पांढऱ्या रंगात धावल्या. जॉन सर्टीज यांनी त्या वर्षीचे विश्वविजेतेपद निश्चित केले ते याच निळ्या-पांढऱ्या फेरारीत बसून. म्हणजे लाल रंग काढून घेणे हाच निषेध होता. रंगाला एवढे वजन आले असेल, तरच तो काढून घेतल्याने कुणाला लागते.

१९६८ पासून शर्यतीच्या गाड्यांवर प्रायोजकांचे रंग चढू लागले. सिगारेटच्या पाकिटासारख्या रंगवलेल्या गाड्या आल्या आणि देशांचे रंग मागे पडले. फेरारी मात्र लालच राहिली. नियम संपल्यावरही जो रंग टिकला, तो सवयीने नव्हे तर निवडीने टिकला.

मग बाकीच्या इटालियन रंगांचे काय?

इटली म्हणजे फक्त लाल, हा समज अर्धाच खरा आहे. फेरारीच्या बोधचिन्हातला घोडा ज्या पिवळ्यावर उभा आहे, तो मोदेना शहराचा रंग आहे. ‘जाल्लो मोदेना’ या नावाने तो गाड्यांवरही मिळतो. लान्चियाची ओळख गडद निळी. १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीची मिउरा आली ती नारिंगी रंगात, आणि १९७१ मध्ये तिथेच कून्टाचचा पहिला नमुना आला तो पिवळ्याधमक रंगात. ज्या कंपनीच्या संस्थापकाने ट्रॅक्टर बनवून पैसा कमावला, तिने गाड्यांना असे रंग द्यावेत की शेजारून जाताना मान वळलीच पाहिजे, हा योगायोग गमतीचा आहे.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे रंग सर्वसामान्यांच्या गाड्यांचे होते. १९५५ ची फियाट ६०० आणि १९५७ ची नवी फियाट ५०० या युद्धानंतरच्या इटलीतल्या मध्यमवर्गाच्या पहिल्या गाड्या. त्यांवर फिकट निळा, दुधाळ पांढरा, पिस्त्यासारखा हिरवा असे सौम्य रंग खुलले. बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या पोन्तेदेरा गावच्या कारखान्यात पियाजिओने १९४६ मध्ये व्हेस्पा जन्माला घातली. ती आखणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे विमानांचे अभियंते. सुरुवातीच्या व्हेस्पा हिरवट झाक असलेल्या एकाच रंगात येत. देशाकडे पैसा आला, तसे रंगही वाढत गेले.

इटालियन नावे देण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. तिथे रंगाच्या नावात आधी साधा रंग येतो, मग त्याचे गाव किंवा आठवण. लाल शर्यतीचा, पिवळा मोदेनाचा, राखाडी सिल्व्हरस्टोनचा, निळा तूर द फ्रान्सचा. फेरारीच्या एका निळ्याला तर शार्ल पोझ्झी या फ्रान्समधल्या विक्रेत्याचे नाव आहे. नाव उच्चारले की एखादी जागा, एखादी शर्यत, एखादा माणूस आठवतो. जुन्या इटालियन गाड्यांच्या रंगांचे आकर्षण निम्मे डोळ्यांचे आहे आणि निम्मे या नावांचे.

इटलीचा रंग पिंपरी-चिंचवडपर्यंत कसा पोहोचला?

तो स्कूटरवर बसून आला. बजाजला १९५९ मध्ये दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. १९६० मध्ये आकुर्डीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले आणि पियाजिओच्या परवान्याखाली तिथे व्हेस्पा बनू लागली. हा करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये चेतक आली. नाव बदलले, घाट मात्र व्हेस्पा स्प्रिंटचाच राहिला. गोल पुठ्ठे, पत्र्याची एकसंध बॉडी, पुढची ढाल. रिक्षाचेही तसेच. इटालियनमध्ये ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी आणि तिची तीनचाकी बहीण ‘आपे’ म्हणजे मधमाशी. पिंपरी-चिंचवडच्या चौकाचौकांत गुणगुणत फिरणाऱ्या काळ्या-पिवळ्या रिक्षांचे मूळ या मधमाशीत आहे.

नात्याचे धागे इथे संपत नाहीत. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० बनवली, तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. काळा-पिवळा रंग चढलेली ही इटालियन गाडी मुंबईची ओळख बनली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून इतिहासजमा झाली. त्याच प्रीमियरचा एक कारखाना चिंचवडला होता आणि तिथून २००९ मध्ये ‘रिओ’ ही छोटी गाडी बाहेर पडली. टाटांनी १९९८ मध्ये दाखवलेली, पिंपरीत बनलेली इंडिका घडवताना तुरीनच्या आयडिया इन्स्टिट्यूटचे साहाय्य घेतले होते. रांजणगावला टाटा आणि फियाटने एकत्र कारखाना चालवला. आणि १९७१ मध्ये आकुर्डीपासून दुरावलेली व्हेस्पा २०१२ मध्ये पुणे जिल्ह्यातच, बारामतीत, पुन्हा बनू लागली.

या सगळ्यात रंगाची निवड ग्राहकाच्या हाती फारशी नव्हती. परवाना राज्याच्या त्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. इतकी वाट पाहिल्यावर मिळालेल्या स्कूटरच्या रंगावरून कोण हुज्जत घालणार? जो रंग आला, तो घराचा रंग झाला. त्याच्यावर हळदीकुंकू वाहिले, झेंडूची माळ चढली. नवरा हँडलवर, बायको मागे आडवी बसलेली, एक मूल पुढे उभे आणि एक मध्ये, असे अख्खे कुटुंब त्या रंगावरून चिंचवडहून आळंदीला गेले. किक लागेना तेव्हा तीच स्कूटर तिरकी करून पेट्रोल खाली उतरवले. इटलीत लाल रंगाला शर्यतीने मोल दिले, इथे या रंगांना संसाराने दिले.

गाडीवर रंग नेमका चढतो कसा?

रंग म्हणजे वरून मारलेला एक थर, असे वाटते. प्रत्यक्षात तो चार-पाच थरांचा असतो आणि सगळे मिळून जाडी भरते साधारण एक दशांश मिलिमीटर. आधी पत्र्याची कोरी बॉडी धुऊन तेल-चिकटा काढतात. मग फॉस्फेटचा सूक्ष्म थर देतात, म्हणजे पुढचा थर पत्र्याला घट्ट धरतो. त्यानंतर आख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. रंगाचे कण फटी-कोपऱ्यांत जाऊन बसतात. गंजापासून खरे संरक्षण हा थर करतो, आणि तो गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. मग भट्टीत भाजणे, प्रायमर, डोळ्यांना दिसणारा रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट.

रंगाच्या इतिहासात यंत्रशाळेचा हात मोठा आहे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे, ती उत्पादनाच्या सोयीसाठी. १९२० च्या दशकात झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. त्यामुळे रंगीत गाड्या स्वस्तात बनवणे शक्य झाले. पुढे अॅल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांनी चमकणारा मेटॅलिक आणि अभ्रकाने झळाळणारा मोतिया रंग आला.

साध्या, बिनचमकीच्या रंगाचे एक वैशिष्ट्य आहे. तो गाडीचा घाट लपवत नाही. जुन्या इटालियन गाड्यांचे आणि चेतकचेही पत्रे गोलाईचे. त्यावरून प्रकाश सरकतो तेव्हा कडा नव्हे, वळण दिसते. आजच्या गाड्यांवर धारदार रेषा असतात. त्या उठून दिसण्यासाठी चमक लागते. रंग आणि घाट यांची जोडी जमली की गाडी देखणी दिसते, एरवी रंग नुसताच भडक वाटतो.

जुना रंग पुन्हा का सापडत नाही?

आकुर्डीत बनलेल्या पहिल्या व्हेस्पांना आता साठ वर्षे होऊन गेली. पहिल्या चेतकने २०२२ मध्ये पन्नाशी ओलांडली. पुणे आणि परिसरात अशा स्कूटर खोलून, पत्रे ठोकून, नव्याने उभ्या करणाऱ्यांची संख्या कमी नाही. इंजिनाचे भाग मिळतात, नाही मिळाले तर लेथवर बनवून घेता येतात. अडते ते रंगापाशी.

पहिली अडचण रसायनाची. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसे आणि क्रोमियमची संयुगे वापरली जात. ती आरोग्याला घातक असल्याने मागे पडली. त्यांच्या जागी आलेली रंगद्रव्ये जवळची छटा देतात, तीच नव्हे. दुसरी अडचण उन्हाची. क्लिअर कोट नसलेला जुना लाल दहा-पंधरा उन्हाळ्यांत विटकरी होतो. त्यामुळे समोर उभ्या गाडीवरचा रंग हा कारखान्यातून निघालेला रंग नसतोच. जाणकार कारागीर म्हणून साइडच्या पत्र्याच्या आतली बाजू, पेट्रोलच्या टाकीखालची जागा, बोधचिन्हाच्या मागचा ठिपका पाहतात. तिथे ऊन पोहोचलेले नसते. त्यावरून यंत्राने छटा मोजता येते.

तिसरी अडचण नोंदीची, आणि तीच सर्वांत मोठी. साठ-सत्तरच्या दशकातले घरगुती फोटो बहुतेक कृष्णधवल. दारात उभी नवी स्कूटर, शेजारी हसणारे आजोबा, पण स्कूटरचा रंग फोटोत नाही. तो घरच्यांच्या आठवणीत असतो. एक भाऊ म्हणतो फिकट निळी होती, दुसरा म्हणतो हिरवट. वाद सोडवायला कारखान्याच्या त्या वर्षीच्या रंगांचा तक्ता सर्वसामान्यांना सहज पाहता येईल अशा जागी असायला हवा. असा तक्ता हाताशी नसल्याने अनेक स्कूटर अंदाजाने रंगवल्या जातात किंवा थेट इटालियन व्हेस्पाच्या पुस्तकातली छटा त्यांना चढवली जाते. देखण्या दिसतात, पण त्या आता आकुर्डीच्या राहत नाहीत.

इटलीत यासाठी व्यवस्था आहे. पोन्तेदेराला पियाजिओचे संग्रहालय २००० पासून खुले आहे. अल्फा रोमिओचे आरेसेला आहे. फेरारीचा खास विभाग जुनी गाडी मूळ रूपात आहे का, हे तपासून प्रमाणपत्र देतो. जुन्या गाडीच्या लिलावात मूळ रंग कोणता आणि आज तोच आहे का, यावर किंमत हलते. रंग हा तिथे पुरावा आहे.

कायदा काय सांगतो?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘विंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन या वर्गात येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला ५ हजार रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा कारणांसाठीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई आहे.

या व्याख्येत ‘मूळ स्वरूप’ असे शब्द आहेत, पण रंगाचा उल्लेख नाही. सरकारी नियम म्हणून ते समजण्यासारखे आहे. प्रत्येक छटेवर वाद घालत बसणे परिवहन कार्यालयाला परवडणार नाही. पण त्याचा परिणाम असा की, साठच्या दशकातली आकुर्डीची स्कूटर चकाकत्या मेटॅलिक रंगातही ‘मूळ’ ठरू शकते. दुसरीकडे, जुनी वाहने भंगारात काढण्याच्या धोरणाला वेग आला आहे. प्रदूषण आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र भंगारात गेलेल्या प्रत्येक स्कूटरबरोबर तिच्या टाकीखालचा तो न विटलेला ठिपकाही जातो. पुरावा रोज कमी होत आहे.

पांढऱ्या-करड्या गाड्यांच्या काळात याला काय अर्थ?

रंग बनवणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत गेली अनेक वर्षे जगभरात पांढराच आघाडीवर आहे. त्यामागोमाग काळा आणि करडा. चाकणच्या कारखान्यांबाहेर रांगेने उभ्या नव्या गाड्या पाहिल्या तर वेगळे चित्र दिसत नाही. याला कारणे आहेत आणि ती पोकळ नाहीत. पांढरी गाडी उन्हात कमी तापते, विकताना गिऱ्हाईक लवकर मिळते, खरचटले तर रंग जुळवायला सोपे जाते. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या माणसाला ‘जरा धाडस कर’ असे सांगणे सोपे आहे, हप्ता त्याला भरायचा असतो.

तरीही, जून २०२३ मध्ये फियाटने यापुढे करड्या रंगाच्या गाड्या बनवणार नाही, असे जाहीर केले. कंपनीच्या प्रमुखांनी गाडीत बसून नारिंगी रंगाच्या टाकीत बुडी घेतली आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली. जाहिरातच ती, यात शंका नाही. पण अशी जाहिरात करण्याचे बळ फियाटला तिच्या इतिहासाने दिले. ज्या कंपनीची आणि देशाची रंगांची ओळख शतकभर जपली गेली आहे, तीच असे म्हणू शकते. आकुर्डी किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीने उद्या ‘आमचा रंग परत आणतो’ असे म्हटले, तर कोणता, या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागेल.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट नोंदीची. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ महापालिकेचे सायन्स पार्क आहे. तिथे वाहनांचा विज्ञान-इतिहास दाखवण्याची सोय आहे. या पट्ट्यात बनलेल्या गाड्यांच्या रंगांचा एक खुला संग्रह तिथे सुरू करता येईल. त्यात रंगवलेले पत्र्याचे तुकडे, वर्ष, मॉडेल, कारखान्याचा रंगक्रमांक एवढेच लागते. कंपन्यांच्या कपाटात जुने तक्ते असतील, तर त्यांच्या प्रती द्याव्यात. त्यात कोणतेही व्यापारी गुपित उरलेले नाही. आणि पेंट शॉपमधून निवृत्त झालेली पहिली पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. बूथमध्ये उभे राहून हाताने फवारणी केलेल्या या कामगारांना कोणती छटा कधी आली आणि कोणती कधी बंद झाली, हे जेवढे माहीत असेल तेवढे कोणत्याही फायलीत सापडणार नाही. त्यांच्याशी बोलून ठेवण्याचे काम पुढच्या दहा वर्षांवर टाकण्यासारखे नाही.

दुसरी गोष्ट नोंदणीची. विंटेज वाहनाच्या कागदपत्रांत मूळ रंग आणि सध्याचा रंग अशा दोन रकाने असले, तर कुणावर सक्ती न करता खरी माहिती टिकेल. ज्याला मेटॅलिक चेतक हवी त्याने ती खुशाल चालवावी, पण मूळची कोणती, हे कागदावर राहील.

तिसरी गोष्ट नावांची. ‘वेल्लुतो रोसो’ हे नाव गोड आहे आणि व्हेस्पाच्या वंशजाला ते शोभतेही. पण मराठीला रंगांची नावे शिकवण्याची गरज नाही. साडीच्या दुकानात गादीवर बसलेली कोणतीही आजी अबोली, आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, गुलबक्षी, वांगी, डाळिंबी, राघू आणि कुसुंबी यांतला फरक डोळे झाकून सांगेल. या नावांनीही इटालियन नावांसारखेच काम केले आहे. प्रत्येकात एक फूल, एक फळ, एक पक्षी किंवा एक आठवण आहे. नाव बदलल्याने स्कूटर जास्त धावणार नाही, हे खरे. पण जगभरचे लोक ‘रोसो कोर्सा’ म्हणायला शिकले ते इटालियन भाषा सोपी आहे म्हणून नव्हे. इटालियन लोकांनी आपल्या रंगाला आपल्याच भाषेत हाक मारली आणि ती मारत राहिले, म्हणून. आमसुली रंगाची चेतक दसऱ्याला दारात आली, तर शोरूममधल्या विक्रेत्याला तो रंग गिऱ्हाइकाला समजावून सांगावा लागणार नाही.

इटलीचा लाल काही आकाशातून पडलेला नव्हता. शर्यतीच्या गर्दीत ओळखू येण्यासाठी तो लावला गेला आणि लोकांनी तो जपला, म्हणून मोठा झाला. आकुर्डीतून बाहेर पडलेल्या लाखो स्कूटरच्या रंगांना शर्यतीचे वलय नाही. मात्र त्यांच्यावर बसून एका पिढीने नोकरी गाठली, मुले शाळेत सोडली, मुलीचे लग्न जमवायला स्थळे पाहिली. तो रंग नेमका कोणता होता, हे सांगता यायला हवे. फोटो काळा-पांढरा असला, तरी स्कूटर काळी-पांढरी नव्हती.